‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की शिक्षा?

प्रश्न असा आहे: बँकेचे ‘लोन सँक्शन’ झाल्याचे पत्र आले की घरात पेढे येतात. त्याच दिवशीच्या पेपरात रशियावर ‘सँक्शन्स’ लादल्याची बातमी असते आणि तिथे तो शब्द शिक्षेचा असतो. एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे झाले? की हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत? वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा हे कसे ओळखायचे आणि मराठीत नेमके काय लिहायचे?

आधी थेट उत्तर. शब्द एकच आहे आणि त्याचे मूळही एकच. दोन अर्थांच्या मधली कडी आपल्या नजरेआड गेली आहे, म्हणून ते एकमेकांवर उठल्यासारखे दिसतात. ती कडी म्हणजे कायदा: अधिकाराने केलेला, शिक्कामोर्तब झालेला आणि मोडला तर भोगावे लागेल असा हुकूम. त्या हुकमाच्या शिक्क्यावर बोट ठेवले की सँक्शन म्हणजे मंजुरी. त्याच हुकमाच्या शेवटी ‘जो कोणी हे मोडील त्याला…’ असे वाक्य असते, त्यावर बोट ठेवले की सँक्शन म्हणजे शिक्षा.

लॅटिनमध्ये ‘सान्किरे’ असे क्रियापद होते. धार्मिक विधी करून एखादी गोष्ट पवित्र ठरवणे, म्हणजे तिला हात लावायची सोय न ठेवणे, हा त्याचा अर्थ. पुढे कायदा पक्का करणे, तहावर मोहोर उठवणे या अर्थांनी ते वापरले जाऊ लागले. त्याचे भूतकालवाचक रूप ‘सांक्टुस’. इंग्रजीतले सेंट, सँक्टिटी आणि सँक्चुअरी हे त्याच घरातले शब्द आहेत. याच कुळातले जुने विशेषण ‘साकेर’. त्यावरून ‘सेक्रेड’ आला. पण रोमन लोकांच्या तोंडी ‘साकेर’ म्हणजे नुसते पवित्र नव्हते. देवाच्या हवाली केलेले, म्हणून शापितसुद्धा. रोमचा सर्वांत जुना लेखी कायदा म्हणजे ‘बारा पाट्या’, इ. स. पूर्व ४५१-४५० मधल्या. त्यात आश्रिताला फसवणाऱ्या धन्याबद्दल म्हटले आहे, ‘साकेर एस्टो’, म्हणजे तो शापित ठरो. इंग्रजी शब्दाला दोन टोके नंतर फुटली असे समजले जाते, ते बरोबर नाही. मुळातच दोन्ही होती.

रोमन कायद्यात ‘सांक्टिओ’ ही चक्क एक तांत्रिक संज्ञा होती. कायद्याच्या ज्या भागात उल्लंघन करणाऱ्याची शिक्षा सांगितलेली असते, तो भाग म्हणजे सांक्टिओ. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक काढले, त्यात हे एका उदाहरणाने समजावले आहे. शहराचा तट आणि वेशी या ‘सांक्टुस’ वस्तू आहेत, कारण तटाचा भंग करणाऱ्याला देहांताची शिक्षा ठरवलेली आहे. त्याच कारणाने कायद्यातल्या शिक्षा सांगणाऱ्या भागांना आपण ‘सांक्टिओ’ म्हणतो, असे ते पुस्तक सांगते. पवित्र का, तर मोडले तर शिक्षा आहे म्हणून. इतके सरळ.

हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी जमिनीच्या दानाचे ‘गद्धेगाळ’ दगड उभे आहेत, शिलाहार काळापासूनचे. त्यातला एखादा जवळून बघा. वरच्या भागात सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, बहुतेक वेळा मंगलकलशही. सूर्यचंद्र असेपर्यंत हे दान चालू राहील, हा त्याचा अर्थ. मधल्या भागात लेख: अमुक राजाने अमुक जमीन अमुकाला दिली. आणि खाली गाढव आणि स्त्री यांचे ते सर्वांना ठाऊक असलेले चित्र: हे दान जो मोडील त्याच्या आईला उद्देशून दिलेली शिवी. वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी म्हणून चित्रात कोरलेली. (काही दगडांवर तर लेख नसतोच, नुसते चित्र असते.) वरच्या दोन भागांना इंग्रजीत सँक्शन म्हणता येईल, मंजुरी या अर्थाने. खालच्या भागालाही सँक्शनच म्हणावे लागेल, शिक्षा या अर्थाने. आणि तिन्ही भाग एकाच शिळेत आहेत.

ताम्रपटांत हेच काम शेवटचे श्लोक करतात. ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुन्धराम्’ हा त्यातला नेहमीचा: स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने, जो ती जमीन हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन जन्मेल. अशा दानपत्राला संस्कृतात काय म्हणतात? ‘शासन’. ताम्रशासन.

इथे आपण मराठी शब्दाकडे वळू, कारण प्रश्नाची अर्धी उकल त्यातच आहे. ‘शास्’ या धातूपासून शासन, शास्त्र, शास्ती आणि शिष्य हे सगळे निघाले. पेपर उघडला की एका मथळ्यात ‘शासनाने प्रस्तावाला मंजुरी दिली’ असे दिसते, दुसऱ्यात ‘दोषींना कडक शासन व्हावे’. शब्द तोच; पहिल्यात देणारा, दुसऱ्यात दंड. मराठी वाचक इथे कधी अडखळत नाही. का? कारण ‘शासन होणे’, ‘शासन करणे’ या क्रियापदांनी अर्थ आधीच पक्का केलेला असतो. इंग्रजी वाचक ‘सँक्शन’ वाचताना नेमके हेच करतो. आपल्याला ती सवय नाही, इतकाच फरक. आणि ‘शास्ती’ तर पुणेकरांच्या चांगलीच ओळखीची: मिळकतकर थकला की महापालिका दरमहा २ टक्के लावते ती, किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये अनेक वर्षे गाजलेला शास्तीकर.

‘शिक्षा’ या शब्दाबद्दल मात्र एक सावधगिरी. हिंदीत ती शिकवण आणि मराठीत दंड, म्हणून तिलाही ‘शास्’च्या घरात बसवायचा मोह होतो. ती ‘शक्’ धातूची लेक आहे. ‘शिक्ष्’ म्हणजे शक्ती मिळवू पाहणे, शिकणे. अर्थाचा प्रवास सारखा असला तरी कूळ वेगळे.

आता इंग्रजीत हा शब्द कसा वाढला ते पाहू. तो लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला आणि सुरुवातीला धर्मपीठाच्या किंवा राजाच्या हुकमापुरताच होता. युरोपच्या इतिहासात ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ भेटतो तो याच अर्थाचा. फ्रान्सच्या राजाने १४३८ मध्ये बूर्ज इथे काढलेला एक, पोपचे फ्रान्समधले अधिकार आवळणारा. त्याहून प्रसिद्ध १७१३ चा, सम्राट सहावा चार्ल्स याचा, मुलीलाही वारसा मिळावा म्हणून काढलेला. त्याच्या जोरावर मारिया थेरेसा १७४० मध्ये गादीवर आली आणि ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध पेटले. इथे ‘मंजुरी’ही चालत नाही आणि ‘निर्बंध’ही. ‘राजाज्ञा’ किंवा ‘राजशासन’ म्हणा. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये ‘व्यावहारिक मंजुरी’ असे काहीतरी छापलेले आढळते, ते वाचून अर्थबोध होत नाही.

सतराव्या शतकापासून ‘कायद्यातला शिक्षेचा भाग’ हा रोमन अर्थ इंग्रजी नामाला चिकटला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे क्रियापद झाले आणि ते मंजुरीच्या बाजूने गेले: सँक्शन करणे म्हणजे अधिकृत करणे. एखाद्याला शिक्षा करणे या अर्थाने हे क्रियापद बरेच उशिरा, विसाव्या शतकाच्या मध्याला रुळले. जुनी इंग्रजी कागदपत्रे वाचताना हा क्रम उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात क्रियापद म्हणून ‘सँक्शन्ड’ दिसले की बेलाशक ‘मंजूर केले’ घ्यावे.

मधल्या काळात जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७८९ मध्ये या शब्दाला आणखी एक वळण दिले. माणूस नियम का पाळतो, तर त्याच्या मागे सुख किंवा दुःख उभे असते म्हणून. त्या बळाला त्याने सँक्शन म्हटले आणि त्याचे चार प्रकार सांगितले: भौतिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक. समाजशास्त्रातले ‘सोशल सँक्शन’ याच वाटेवरचे आहे. तिथे शाबासकी हेही सँक्शन आणि वाळीत टाकणे हेही सँक्शन.

आंतरराष्ट्रीय राजकारणातला अर्थ पहिल्या महायुद्धानंतरचा. राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या) कराराच्या सोळाव्या कलमात करार मोडून युद्ध पुकारणाऱ्या राष्ट्राशी व्यापार आणि आर्थिक व्यवहार तोडण्याची तरतूद होती. इटलीने १९३५ च्या ऑक्टोबरात अ‍ॅबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला, नोव्हेंबरात तिच्यावर असे उपाय लागू झाले, तेल मात्र त्यातून वगळले गेले आणि जुलै १९३६ मध्ये ते मागेही घेतले गेले. ‘सँक्शन्स’ हे अनेकवचन घराघरांत पोचले ते या सुमारास. गंमत अशी की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या ज्या कलम ४१ खाली आज सुरक्षा परिषद हे करते, त्या कलमात ‘सँक्शन’ हा शब्दच नाही. तिथे ‘सशस्त्र बळाचा वापर नसलेले उपाय’ अशी शब्दयोजना आहे. आपल्याकडे हा अर्थ पक्का झाला तो मे १९९८ मध्ये. पोखरणला ११ आणि १३ तारखेला चाचण्या झाल्या, अमेरिकेने भारतावर सँक्शन्स लादले आणि मराठी वृत्तपत्रांनी ‘आर्थिक निर्बंध’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसवला.

मग आपल्या कानाला ‘सँक्शन’ म्हणताच मंजुरी का आठवते? कारण आपण हा शब्द कचेरीतून शिकलो. कंपनी सरकार आणि नंतर ब्रिटिश सरकारच्या हिशेबपद्धतीत वरच्या अधिकाऱ्याच्या सँक्शनशिवाय पैसा हलत नसे. ‘सँक्शन इज हिअरबाय अकॉर्डेड’ हे वाक्य अजून जिवंत आहे आणि शासन निर्णयातले ‘मंजुरी देण्यात येत आहे’ हे त्याचेच मराठी रूप. रजा सँक्शन, पोस्ट सँक्शन, लोन सँक्शन, प्लॅन सँक्शन. इंग्लंड-अमेरिकेच्या बोलण्यात या ठिकाणी अ‍ॅप्रूव्ह येते. म्हणून परदेशी सहकाऱ्याला ‘माय लीव्ह इज सँक्शन्ड’ असे लिहिले तर त्याला ते कळेल, पण जड वाटेल.

ओळखायचे कसे, याची पहिली कसोटी म्हणजे वचन. अनेकवचनी ‘सँक्शन्स’ जवळजवळ नेहमी शिक्षेचे. एकवचनी आणि आधी ‘अ’ हे इंग्रजी उपपद नसलेले ‘सँक्शन’ बहुधा मंजुरीचे: ‘विदाउट द सँक्शन ऑफ द बोर्ड’. एकवचनी पण आधी ‘अ’ असलेले मात्र बहुतेकदा शिक्षेकडे झुकते. दुसरी कसोटी सोबतचे क्रियापद. इम्पोज, लिफ्ट, ईझ, टायटन, इव्हेड दिसले की निर्बंध. गिव्ह, ग्रँट, अकॉर्ड, ऑब्टेन, सीक दिसले की मंजुरी. तिसरी, नामानंतरचे शब्दयोगी. ‘ऑन’ आणि ‘अगेन्स्ट’ बहुधा शिक्षेचे. ‘फॉर’ फसवते, कारण ‘सँक्शन फॉर प्रॉसिक्यूशन’ मध्ये ते मंजुरीचे असते आणि ‘सँक्शन फॉर नॉन-कम्प्लायन्स’ मध्ये शिक्षेचे. तिथे पुढचा शब्द कृतीचा आहे की चुकीचा, ते बघावे लागते.

सगळ्यांत भरवशाची कसोटी क्रियापदाच्या कर्माची आहे. कर्म एखादी कृती, रक्कम, योजना असेल तर मंजुरी. कर्म माणूस, संस्था किंवा देश असेल तर शिक्षा. ‘द कोर्ट सँक्शन्ड द स्कीम’: योजनेला मान्यता. ‘द कोर्ट सँक्शन्ड द लॉयर’: वकिलावर कारवाई. ‘अनसँक्शन्ड’ हे बहुधा विनापरवानगी, आणि ‘स्टेट-सँक्शन्ड’ म्हणजे सरकारची मान्यता किंवा आशीर्वाद असलेले.

या कसोटीची खरी गरज हिंजवडीत पडते. तिथे परदेशी बँकांचे सॉफ्टवेअर तयार होते आणि एकाच बँकेच्या एका मॉड्यूलमध्ये लोन सँक्शन असते, दुसऱ्यात सँक्शन्स स्क्रीनिंग. समजा एका रिक्वायरमेंटमध्ये ओळ आहे: ‘इफ द कस्टमर इज सँक्शन्ड, ब्लॉक द अकाउंट.’ कर्जाच्या मॉड्यूलवर दोन वर्षे काम केलेल्या टेस्टरला वाटते, कर्ज मंजूर झालेल्या ग्राहकाचे खाते गोठवायचे? मग तो ‘ब्लॉक’चा अर्थ रक्कम राखून ठेवणे असा लावतो आणि टेस्ट केस चुकते. कर्म बघा: ‘कस्टमर’, म्हणजे माणूस. इथे ग्राहक निर्बंधांच्या यादीत आहे. भारतातल्या बँकांनाही रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार सुरक्षा परिषदेच्या याद्यांतली नावे तपासावी लागतात. कर्जाचा अर्थ हवा असेल तर कर्म कर्जच हवे: ‘इफ द लोन इज सँक्शन्ड’. डेटाबेसमध्ये रकान्याचे नाव नुसते ‘सँक्शन स्टेटस’ ठेवू नये. एकाला ‘लोन अ‍ॅप्रूव्हल स्टेटस’ म्हणा, दुसऱ्याला ‘सँक्शन्स लिस्ट मॅच’. हे पहिल्या दिवशी केले तर दोन मिनिटांचे काम आहे. दोन मॉड्यूलचा डेटा एकत्र करायची वेळ आल्यावर करायचे म्हटले तर प्रत्येक क्वेरी तपासावी लागते.

आता मराठी. शिक्षेच्या अर्थी देशांच्या संदर्भात ‘निर्बंध’ हा शब्द रुळलेला आहे, तोच ठेवा. ‘प्रतिबंध’ हा हिंदीतून येतो. वृत्तसंस्थेच्या हिंदी मजकुरावरून घाईत मराठी केले की ‘रशियावर प्रतिबंध’ असे छापून जाते. मराठीत प्रतिबंध म्हणजे होऊ न देणे: रोगप्रतिबंधक लस, पोलिसांची प्रतिबंधात्मक कारवाई. ‘बंदी’ म्हणजे बॅन, संपूर्ण मनाई. ‘व्यापारबंदी’ एम्बार्गोसाठी. ‘नाकेबंदी’ ब्लॉकेडसाठी, आणि ती युद्धनौका उभ्या करून केलेली असते. बंदी आणि व्यापारबंदी निर्बंधांत येऊ शकतात, पण निर्बंध म्हणजे यांपैकी कोणतीही एक नव्हे. खाती गोठवणे आणि व्हिसा नाकारणे हेही निर्बंधच आहेत. कायद्याच्या मजकुरात, नियम मोडल्याबद्दलचे सँक्शन म्हणजे ‘शास्ती’. खेळाडूवर संघटनेने केलेले सँक्शन म्हणजे ‘कारवाई’. तिथे ‘निर्बंध’ लिहिले तर कोणता निर्बंध, हा प्रश्न उरतो.

मंजुरीच्या बाजूला शब्द पुष्कळ आहेत आणि चुकाही तिथेच जास्त होतात. ‘मंजुरी’ म्हणजे मागणी वर गेली आणि अधिकाऱ्याने ती मान्य केली. ‘परवानगी’ म्हणजे काही करण्याची मुभा. ‘मान्यता’ म्हणजे स्वीकार, म्हणून सरकारी कामाला प्रशासकीय मान्यता आणि शाळेलाही मान्यता. ‘संमती’ बरोबरीच्या माणसाची. बँक कर्जाला संमती देत नाही. आणि ‘अनुमोदन’ सँक्शनसाठी वापरूच नका. हिंदीत ते चालते, पण आपल्याकडे सोसायटीच्या सभेत ठराव मांडणारा सूचक असतो आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. अनुमोदन मिळालेला ठराव मंजूर झालेला नसतो, अजून मतदान व्हायचे असते. इतिवृत्तात हे दोन शब्द अदलाबदल झाले की पुढे उपनिबंधकांकडे तक्रार गेल्यावर ठरावाची वैधताच वादात सापडते.

‘मंजूर’ या शब्दाचे मूळही सुंदर आहे. तो अरबी, ‘नजर’च्या धातूपासूनचा: मंजूर म्हणजे पाहिलेले, नजरेखालून गेलेले. साहेबाने कागद पाहिला, म्हणजेच मान्य केला. टंकलेखनात मात्र अनुस्वार सांभाळा. तो गळला की ‘मंजुरी’ची ‘मजुरी’ होते आणि शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘बांधकाम मजुरीसाठी अर्ज’ हे वाक्य अर्थपूर्णच वाटते.

धर्माच्या संदर्भात आणखी एक छटा आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर पुण्यात जे रान उठले, ते नेमके रिलिजस सँक्शनवर. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करणे धर्माला धरून आहे की नाही? टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला विरोध होता, रा. गो. भांडारकर धर्मग्रंथांतले आधार काढून विधेयकाच्या बाजूने उभे होते. त्या वादातले मराठी ‘धार्मिक मंजुरी’ असे नसते. शब्द आहे ‘शास्त्राधार’. अशा ठिकाणी सँक्शन म्हणजे नुसती परवानगी नव्हे, मागे उभे असलेले बळ. नैतिक सँक्शनला म्हणूनच ‘नैतिक अधिष्ठान’ चांगले बसते.

शब्द कळला तरी व्यवहारात एक चूक सर्रास होते: सँक्शन झाले म्हणजे काम झाले असे समजणे. कर्जाचे मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. पत्रात रक्कम, व्याजदर, अटी आणि मुदत असते. मुदत टळली की पुन्हा प्रक्रिया. कर्ज वितरण ही पुढची पायरी. समजा ५० लाख मंजूर झाले आणि बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटपोटी २० लाख बिल्डरला गेले. ९ टक्के दराने महिन्याचे व्याज २० लाखांवर लागते, १५,००० रुपये. मंजूर रकमेवर लागत नाही, नाहीतर ते ३७,५०० झाले असते. पत्रातला सँक्शन्डचा आकडा ही कमाल मर्यादा असते. महावितरणच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ही तसाच, तो वापराचा आकडा नव्हे. आणि सरकारी कार्यालयाच्या आकृतिबंधातली, म्हणजे पदांच्या तक्त्यातली, ‘मंजूर पदे’ म्हणजे भरलेली पदे नव्हेत. शेजारचा ‘रिक्त पदे’ हा रकाना वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत तर नव्या खर्चाची मंजुरी १२ महिन्यांत काहीच रक्कम खर्ची न पडल्यास आपोआप बाद होते.

घर घेताना ‘सँक्शन्ड प्लॅन आहे’ एवढ्यावर थांबू नये. मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, जोते तपासणी आणि शेवटी भोगवटापत्र, असे टप्पे आहेत. मंजूर नकाशात पार्किंग दाखवले आहे आणि जागेवर तिथे दुकान उभे आहे, तर त्या दुकानाला मंजुरी नाही. इथे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा उघडून पाहावा. कलम ४५ परवानगी देते. कलम ५२ आणि ५३ विनापरवाना बांधकामाला दंड आणि पाडण्याची नोटीस देतात. परवानगी देणारा हात आणि हातोडा पाठवणारा हात एकाच कायद्यातले, सांक्टिओच्या जुन्या अर्थाला अगदी धरून.

लोकसेवकावरच्या खटल्यात तर दोन्ही अर्थ एकमेकांना खेटून येतात. सरकारी काम करताना घडल्याचा आरोप असलेल्या गुन्ह्यात काही लोकसेवकांवर खटला चालवायचा तर आधी सरकारची सँक्शन लागते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८. नव्या कलमात १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. बातमीत ‘अधिकाऱ्याविरुद्ध सँक्शन’ असे इंग्रजी आले, तर ‘अधिकाऱ्यावर निर्बंध’ असे भाषांतर करण्याची चूक होऊ शकते. बरोबर मराठी: ‘अधिकाऱ्यावर खटला चालवण्यास मंजुरी’. यात तो दोषी ठरलेला नसतो.

स्वतः इंग्रजी लिहिताना, वाक्य दोन्हीकडे झुकत असेल तर सँक्शन टाळा आणि अ‍ॅप्रूव्ह किंवा पीनलाइझ लिहा. ‘द असोसिएशन सँक्शन्ड द टूर्नामेंट अँड द क्लब’ यासारखे वाक्य तर लिहूच नये. एकाच क्रियापदाला दोन कर्मे आणि दोन्हींना उलटे अर्थ. ‘ओव्हरसाइट’ची गत अशीच आहे. ‘अंडर द ओव्हरसाइट ऑफ’ म्हणजे देखरेखीखाली आणि ‘ड्यू टु अ‍ॅन ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचुकीने. तिथेही ‘अ‍ॅन’ आहे की नाही, एवढ्यावर सगळे ठरते.

चाकणहून माल निर्यात करणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. परदेशी खरेदीदाराच्या करारात ‘सँक्शन्स क्लॉज’ असतो आणि त्यात ‘सँक्शन्ड कंट्री’, ‘सँक्शन्ड पार्टी’ असे शब्द येतात. ही परवानगी मिळालेल्या देशांची यादी नाही. तिथे माल, सुटा भाग किंवा पैसा जाता कामा नये असे देश आणि व्यक्ती त्यात असतात. सही करण्याआधी कराराच्या सुरुवातीची व्याख्या वाचा: कोणाचे निर्बंध लागू आहेत, संयुक्त राष्ट्रांचे, अमेरिकेचे, युरोपीय संघाचे की तिन्हींचे, यादी सहीच्या दिवसाची धरायची की माल पाठवण्याच्या दिवसाची, आणि मधल्या काळात एखादे नाव यादीत आले तर तयार मालाचे पैसे कोण देणार. या तीन गोष्टी व्याख्येत नसतील तर त्या लिहून घ्या, मगच सही करा.